वकीलकाकांचं इंजिन आणि आईची कात्री

उस्तादांनी बांधलेलं इंजिन गळतं, असं म्हणायची आमच्या गल्लीत कुणाची प्राज्ञा नव्हती. वकीलकाकांची मोटरसायकल मात्र गळत होती, आणि चांगली गळत होती. वर्कशॉपात स्टँडवर उभी केली की चहाचा कप रिकामा होईपर्यंत तिच्याखाली बशीएवढा काळा डाग पडायचा. बाबा त्यावर मूठभर लाकडाचा भुसा टाकायचे आणि दुसरीकडे बघायचे.

उस्ताद म्हणजे माझे बाबा. जुन्या मोटरसायकलींच्या बाबतीत गल्लीतच काय, नदीपलीकडच्या वस्तीतही त्यांचा शब्द शेवटचा. मी त्यांची एकुलती एक मुलगी. वर्कशॉपचा रस्त्याकडचा अर्धा भाग माझा, तिथे स्कूटर आणि नव्या गाड्या. आतला अर्धा भाग बाबांचा, तिथे त्यांच्या म्हाताऱ्या गाड्या. लोक मला धाकटी उस्ताद म्हणतात. पूर्वी चिडवायला म्हणायचे. आता गाडी बंद पडली की अगदी मनापासून म्हणतात. मला इंजिनं कळतात. हे मी आढेवेढे घेत सांगणार नाही, कारण खरं तेच सांगतेय. राग मात्र माझ्या नाकाच्या शेंड्यावर असतो, हेही खरंच.

वर्कशॉपच्या डोक्यावर आईची शिवणाची खोली. मधे एक लाकडी जिना. आई कोट शिवते, आणि असे शिवते की गिऱ्हाईक कोट घालून आरशासमोर उभं राहिलं की आपोआप पोट आत घेतं. खालून इंजिनाची धडधड आणि वरून मशीनची घरघर, यातच मी लहानाची मोठी झाले. दोन्ही एकदम थांबलं की समजायचं, घरात भांडण आहे.

त्या सोमवारी वकीलकाका आले ते गाडी ढकलत. कोर्टातून निवृत्त झाले तरी काळा कोट सुटलेला नाही. तो आईनेच शिवलेला. स्टुलावर टेकले आणि म्हणाले, "उस्ताद, रविवारी टेम्पो येतोय. मी लेकीकडे राहायला चाललोय. कायमचा."

"छान झालं की," बाबा म्हणाले. "एकट्याने किती दिवस काढणार?"

"छानच आहे. पण तिच्या इमारतीत गाड्या ठेवायला तळघर आहे आणि त्याची फरशी आमच्या ओट्यापेक्षा स्वच्छ. तेलाचा एक थेंब दिसला तर गाडी बाहेर, असा नियम आहे. मी स्वतः वाचला. पळवाट नाही." वकीलकाकांनी चष्मा काढून पुसला. "जावयाने तोडगा काढलाय. त्याच्या ओळखीचा एक हॉटेलवाला आहे, त्याला ही गाडी हवी आहे. दर्शनी दालनात ठेवायला."

"ठेवायला म्हणजे?"

"म्हणजे ठेवायलाच. तेल, पेट्रोल सगळं काढून टाकायचं, पॉलिश करायचं आणि दोन कुंड्यांच्या मधे उभी करायची. लोक बसून फोटो काढतील म्हणे."

बाबांच्या हातातला पाना हातातच राहिला. "गाडी आहे ती. फुलदाणी नाही."

"मला कुठे द्यायचीय?" वकीलकाकांचा आवाज एकदम बारीक झाला. "पहिल्या खटल्याला मी हिच्यावरून गेलो. लेकीला शाळेत सोडलं हिच्यावरून. पण रविवारपर्यंत हिचं गळणं थांबलं नाही, तर लेकीला मी कोणत्या तोंडाने सांगू की तुझ्या दारात ही घाण करणार आहे?"

"थांबेल," बाबा म्हणाले. "रविवारी गाडी चालवत जाल तुम्ही. टेम्पोत फक्त कपाटं जातील."

बाबा बोलले ते ठामपणे. पण मी त्यांच्या कपाळावरची आठी पाहिली. त्याच गाडीची गळती ते वर्षभरात कितीदा तरी काढून बसले होते. दर वेळी नवीन पॅकिंग घालायचे, पॅकिंग म्हणजे इंजिन आणि त्याचं झाकण यांच्या मधे बसणारा जाड कागद. चार दिवस बरे जायचे आणि मग पुन्हा डाग, आधीपेक्षा मोठा. दोष कधी कागदाला मिळायचा, कधी तेलाला, एकदा तर रस्त्यातल्या खड्ड्यांना मिळाला.

"बाबा, मी बघू?" मी विचारलं.

"तू स्कूटर बघ."

"स्कूटर झाल्या. मी नुसतं शोधते कुठून गळतंय ते. हात लावणार नाही."

"सगळीकडून गळतंय, त्यात शोधायचं काय?"

अंगाचा तिळपापड झाला माझ्या. सगळीकडून काही गळत नसतं. एका जागेहून सुटलेलं तेल वाऱ्याने पसरतं आणि इंजिनभर माखतं, एवढंच. मी ब्रीदर, म्हणजे इंजिनाच्या श्वासाची नळी, फुंकून बघितली. ती तुंबली की आतला दाब वाढून तेल मिळेल तिथून बाहेर पडतं. नळी साफ होती. मग रॉकेल आणि ब्रश घेऊन अख्खं इंजिन धुतलं, कोरडं केलं आणि जिन्यावरून ओरडले, "आई, तुझा खडू दे! तुटलेले तुकडे चालतील."

आईने खिडकीतून पुडी टाकली. कापडावर खुणा करायचा तो चपटा खडू मी खलात कुटून पीठ केला आणि पावडर लावावी तसा इंजिनभर थापला. समोरचा बेकरीवाला दारात उभा राहून बघत होता. "धाकटी उस्ताद, लग्नाला निघाली का गाडी?" म्हणून त्याने विचारलं.

"तू तुझे पाव बघ, करपतायत," मी म्हणाले आणि किक मारली.

गाडी धडधडत राहिली. आम्ही दोघं बापलेक उकिडवे बसून बघत होतो. पांढऱ्या पिठात आधी काहीच दिसेना. मग उजव्या बाजूला, टायमिंग कव्हरच्या, म्हणजे दातेरी चाकांवरच्या झाकणाच्या, खालच्या कडेला केसासारखी काळी रेघ उमटली. ती जाड झाली आणि तिला एक थेंब लोंबला. बाकी सगळं इंजिन कोरडं होतं. माझ्या चेहऱ्यावर जे असेल ते बाबांना आवडलं नसणार.

"तिथलं पॅकिंग तर मी परवाच बदललं," ते म्हणाले. "कागदच हलका निघाला. आण इकडे नवीन."

बाबांचं पॅकिंग कापणं बघायला लोक थांबतात. खरंच थांबतात, मी फुशारकी मारत नाही. झाकण काढून ते कागद थेट इंजिनाच्या उघड्या कडेवर धरतात आणि डोक्याला गोळी असलेल्या छोट्या हातोडीने कडेकडेने ठोकत जातात, ठक ठक ठक ठक, एका लयीत. कडेच्या धारेवर कागद आपोआप कापला जातो. बोल्टच्या भोकावर हातोडीची गोळी टेकवून एक टोला दिला की गोल टिकली खाली पडते. माप नाही, पेन्सिल नाही, कात्री नाही. शेवटचा टोला पडला की कागद हुबेहूब त्या इंजिनाच्या आकाराचा होऊन हातात येतो. लहानपणी मी त्या टिकल्या गोळा करून बाहुलीला नाणी म्हणून द्यायचे. जगात माझ्या बाबांसारखा माणूस नाही असं मला पहिल्यांदा वाटलं, ते ही ठकठक ऐकूनच.

ठकठक रंगात आली होती तेवढ्यात आई चहा घेऊन खाली आली. ती कधी फारशी थांबत नाही, तेलाचा वास कापडाला लागतो म्हणते. त्या दिवशी मात्र थांबली. भुवया उंचावून बघत राहिली.

"अहो, हे असं अंगावरच कापता होय तुम्ही?"

"मग कुठे कापणार?" बाबांनी मान वर न करता विचारलं.

"माप अंगावर घेतात. कापतात टेबलावर. मी गिऱ्हाइकाच्या अंगावर कापड टाकून कात्री चालवली, तर गिऱ्हाईक शिल्लक राहील का?"

बाबा खो खो हसले. "अगं, हे लोखंडाचं गिऱ्हाईक आहे. याला काय होतंय!"

आईही हसली आणि कपबशा ठेवून वर गेली. मी हसले नाही. कारण ते लोखंड नव्हतं. त्या इंजिनाचं अंग ॲल्युमिनियमचं होतं, आणि जुनं ॲल्युमिनियम किती मऊ असतं ते मला माझ्या हातून बिघडलेल्या बोल्टच्या आट्यांनी चांगलं शिकवलं होतं.

बाबा बाहेर हात धुवायला गेले तेव्हा मी विजेरी घेतली. इंजिनाच्या कडेवर स्टीलची पट्टी आडवी ठेवली आणि मागून उजेड मारला. पट्टी आणि कड यांच्या मधून उजेड डोकावला, सरळ रेषेत नव्हे तर ठिपक्याठिपक्यांनी. मी कडेवरून अंगठ्याचं नख फिरवलं. नख अडखळलं, पुढे सरकलं, पुन्हा अडखळलं. कडेभर बारीक बारीक खळगे होते. सगळे एका मापाचे, एका लयीत पडलेले. माझ्या बाबांच्या हातोडीचे.

गळती सापडल्याचा आनंद व्हायला हवा होता, तो झाला नाही. प्रत्येक नवीन पॅकिंगबरोबर बाबा ती कड आणखी थोडी चेपत होते. कड जेवढी चेपायची तेवढी जास्त गळायची, आणि जास्त गळली की बाबा नवीन पॅकिंग ठोकायचे.

मी तशीच वर गेले. आई कोटाची बाही जोडत होती. तिला सगळं सांगितलं आणि म्हटलं, "मी गुपचूप दुरुस्त करते. त्यांना कळायलाच नको."

आईने मशीन थांबवलं. "आणि पुढच्या गाडीवर ते पुन्हा ठोकत बसतील, तेव्हा?"

मी टेबलावरच्या टाचण्या डबीत भरायला लागले.

"एवढी तोंडाळ तू. सगळ्या गल्लीला सुनावतेस. आणि जिथे बोलायला हवं तिथे मूग गिळणार? तुझ्या बाबांना त्या इंजिनांचं दुखणं आपल्या दुखण्याआधी कळतं. त्यांच्यापासून ते लपवलंस तर मला नाही आवडणार."

मी खाली गेले. बाबा नवं पॅकिंग लावायला बसतच होते. मी त्यांचा हात धरला. तेलाने काळा, रेषांमधून कधीच न निघणारा काळा. त्यांचा अंगठा इंजिनाच्या कडेवर ठेवला आणि हळूहळू फिरवला. त्यांच्या अंगठ्याला माझ्या नखापेक्षा जास्त कळतं. अर्ध्या फेरीतच तो थांबला.

"हे कशाने झालं?" त्यांनी विचारलं. त्यांना उत्तर माहीत होतं.

"तुमच्या हातोडीने, बाबा."

ते ओरडले असते तर बरं झालं असतं, मीही ओरडले असते. त्यांनी हातोडी खिळ्याला अडकवली. साबणाने हात धुतले, कोपरापर्यंत, दुकान बंद करताना धुतात तसे. आणि जिना चढून वर गेले. दिवस अजून अर्धा बाकी होता.

दुसऱ्या दिवशी बाबा खाली उतरलेच नाहीत. आईच्या खोलीत खिडकीपाशी आरामखुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसले. आत घरातही बसता आलं असतं, पण तिथून वर्कशॉपचे आवाज ऐकू येत नाहीत. आईने एकदा येऊन मला सांगितलं, "सकाळपासून तेच पान आहे." माझा जीव तिळतिळ तुटत होता. पण काम सोडून रडत बसणं मला येत नाही, आणि रविवार काही माझ्यासाठी थांबणार नव्हता.

मी आतली दातेरी चाकं काढली, उघडी भोकं तुपकट चिंध्यांनी गच्च बुजवली, म्हणजे धातूचा कीस आत जाऊ नये. दोन ट्यूबा कालवून होते ती धातूची लांबी, म्हणजे भेगा बुजवायचा लगदा, घेतली आणि एकेक खळगा भरला. सकाळपर्यंत ती दगडासारखी झाली. मग सपाट काहीतरी हवं होतं, अगदी बिनचूक सपाट. अशी एकच वस्तू आमच्या घरात होती. आईच्या कापायच्या टेबलावरची जाड काच.

"ने," आई म्हणाली. "कोपऱ्याला तडा आहे तेवढा सांभाळ." काचेचा एक जुना तुकडाही तिनेच माळ्यावरून काढून दिला.

काचेवर पॉलिशपेपर चिकटवून मी झाकण घासलं, इंग्रजी आठच्या आकड्यासारखं फिरवत, दाब न देता. इंजिनाच्या कडेसाठी लहान तुकड्यावर पॉलिशपेपर लावला आणि तो कडेवरून फिरवला, थोडा घासायचा, पुसायचा, बघायचा. निळा खडू तेलात कालवून काचेच्या कोऱ्या बाजूला पुसटसा लावायचा आणि ती कडेवर टेकवायची. जिथे रंग लागेल ती जागा उंच, जिथे लागणार नाही ती खोल. आधी रंग तुटक लागत होता. मी घासत राहिले. बेकरीवाला दोनदा येऊन पाव ठेवून गेला आणि एकदाही काही विनोद केला नाही, यावरून माझा चेहरा कसा असेल ते समजा. शुक्रवारी दुपारी निळी रेघ कडेभर सलग उमटली, कुठेही न तुटता. मी एकटीच होते, तरी मोठ्याने "अस्सं!" म्हणाले.

आता पॅकिंग. कडेला तेलाचा हात लावून त्यावर कागद नुसता टेकवला, उचलला. कागदावर इंजिनाची कड तेलाच्या डागात छापून आली होती. माप अंगावर घेतलं होतं. कापायचं टेबलावर होतं.

पण कशाने? आमच्याकडे पत्रा कापायची कात्री आहे, तिने कागद फाटतो. मी कागद घेऊन वर गेले. "आई, एखादी जुनीपानी कात्री असेल तर दे."

इथे आईच्या कात्रीबद्दल सांगायला हवं. ती तिच्या आईची, काळ्या मुठीची, लांब पात्याची. तिने फक्त कापड कापायचं. कागदाने धार जाते, म्हणून कागदाला ती कधी लागायची नाही म्हणजे नाही. मी शाळेत असताना एकदा त्या कात्रीने पतंगाची शेपटी कापली होती, त्याचे पडसाद अजून उमटतात. बाबांनी एकदा साधं पाकीट कापायला ती मागितली, तेव्हा आई त्यांच्याशी आठवडाभर बोलली नव्हती. पुढे बाबा पाकिटं दातांनी फाडायला लागले. आमच्या घरात देवापेक्षा जास्त भीती त्या कात्रीची.

आईने खण उघडला, एक कात्री चाचपली, ठेवून दिली. मग गळ्यातल्या फितीला अडकवलेली ती काळी कात्री काढली आणि माझ्यापुढे धरली.

"ही?" मी विचारलं.

"बारीक वळणं आहेत. दुसरीने नाही जमायचं."

मी टेबलाशी उभी राहून पहिला काप घेतला. जाड कागदातून त्या कात्रीचा आवाज वेगळाच आला, करकरीत. खिडकीपाशी वर्तमानपत्र खाली आलं.

"अगं," बाबा म्हणाले. चार दिवसांत पहिल्यांदा त्यांचा आवाज ऐकला. "अगं, ती तुझी कात्री आहे!"

"माहीत आहे मला," आई टाचण्या लावत म्हणाली.

"कागद कापतेय पोरगी तिने!"

"कापू दे."

"धार जाईल."

"जाईल. धार परत लावता येते." आईने तोंडातली टाचणी काढली आणि सरळ त्यांच्याकडे बघितलं. "तुम्ही पाठ फिरवून बसलात त्याला मी काय लावू? वकीलसाहेबांची गाडी कुंड्यांमधे उभी राहिलेली चालेल का तुम्हाला? नाही ना? मग चूक झाली तर झाली. मी काय चुकीचे कोट कापले नाहीत? उसवले आणि पुन्हा शिवले."

मी कापत राहिले, कारण दुसरं काय करावं ते मला सुचेना. माझे डोळे भरून आले होते आणि ओल्या डोळ्यांनी वळणावर कात्री चालवणं सोपं नाही. बाबा उठले. वर्तमानपत्राची व्यवस्थित घडी घातली. टेबलापाशी येऊन माझ्या खांद्यावरून बघायला लागले.

"भोकं कशाने पाडणार?"

"पंचने. खाली लाकूड ठेवून."

"कुठला पंच?"

"तुमचाच."

"तो बोथट झालाय," बाबा म्हणाले. "थांब, धार लावून देतो." आणि बाह्या सरसावत जिना उतरले. मागून आईने मशीन सुरू केलं, जरा जास्तच जोरात.

पॅकिंग बसलं तेव्हा ते आहे की नाही कळू नये, इतकं नेमकं बसलं. बाबांनी ते बोटाने चाचपलं आणि नुसतं "हं" म्हणाले. त्यांचं "हं" मिळवायला लोकांना वर्षं लागतात. झाकणाचे बोल्ट मात्र मी त्यांच्यापुढे ठेवले. "तुम्ही आवळा. मी जोर करते, आटे म्हातारे आहेत." हे मी त्यांना बरं वाटावं म्हणून म्हटलं नाही. कुठे थांबायचं ते त्यांच्या मनगटाला कळतं, माझ्या नाही कळत. समोरासमोरचे बोल्ट आलटून पालटून, थोडे थोडे करत त्यांनी ते झाकण असं बसवलं, जसं आई कोटाला शेवटचं बटण लावते.

रविवारी सकाळी वकीलकाका आले. रस्त्याच्या टोकाला त्यांचा टेम्पो कपाटं घेऊन उभा होता. आईने शिवणकामातली एक पांढरी शुभ्र चादर आणून जमिनीवर अंथरली आणि गाडी तिच्यावर उभी केली. बाबांनी किक मारली. इंजिन तापेपर्यंत चालू ठेवलं. मग वकीलकाका तिच्यावर बसून नदीपर्यंत जाऊन आले, पुन्हा चादरीवर उभी केली, आणि आम्ही सगळे चहा प्यायला बसलो. कुणाचंच लक्ष चहात नव्हतं. बेकरीवालाही पीठ लागलेल्या हातांनी येऊन उभा राहिला.

कप रिकामे झाले. बाबा गुडघ्यावर बसले. चादरीवर बोट फिरवलं, इंजिनाच्या पोटाखाली हात घातला, बाहेर काढून उजेडात धरला. कोरडा होता.

"न्या," बाबा म्हणाले. "हॉटेलवाल्याला सांगा, कुंड्यांमधे दुसरं काहीतरी ठेव."

वकीलकाकांनी बाबांना मिठी मारली. काळ्या कोटाला तेल लागलं आणि आई नेहमीसारखी ओरडली नाही. काका डोळे पुसत हसायला लागले. "चला, म्हणजे आता तो ट्रेही परत करता येईल."

"कोणता ट्रे?" बाबांनी विचारलं.

वकीलकाकांचं हसू जागच्या जागी थांबलं. एवढे कोर्ट गाजवलेले गृहस्थ, पण त्या क्षणी त्यांना खोटं सुचेना. "ते... गाडीखाली ठेवायचो ना मी. तेल पडायचं म्हणून. याने दिला होता." आणि त्यांनी बेकरीवाल्याकडे बोट दाखवलं.

बेकरीवाला वळून जायलाच निघाला होता.

"थांब," बाबा म्हणाले. "तुझ्याकडे ट्रे कशाला?"

"बिस्किटांचे जुने ट्रे असतात, उस्ताद. कोणी मागितला तर देतो."

"कोण कोण मागतं?"

बेकरीवाल्याने माझ्याकडे बघितलं. मी काय सांगणार? मलाही यातलं काही ठाऊक नव्हतं. मी उस्तादांची लेक, आणि वरून तोंडाळ, मला कोण सांगणार? त्याने एकेक बोट मोडत नावं घ्यायला सुरुवात केली. छापखान्याचा मालक. दूधवाला. कोपऱ्यावरच्या डॉक्टरीणबाई. बाबांच्या सगळ्या म्हाताऱ्या गाड्यांचे मालक. सगळ्यांच्या घरी गाडीखाली बिस्किटांचा ट्रे होता.

"आणि कुणी मला सांगितलं नाही?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं," बेकरीवाला जमिनीकडे बघत म्हणाला. "ट्रे पुसायला काय लागतं? एक चिंधी."

बाबा स्टुलावर बसले. मला वाटलं, आता पुन्हा हात धुवून वर जातात. आई त्यांच्या मागे येऊन उभी राहिली. त्यांनी आपले हात उलटेपालटे करून बघितले. मग त्यांचे खांदे हलायला लागले आणि ते रडतायत की हसतायत ते मला आधी कळेना. हसत होते. डोळ्यांतून पाणी गळत होतं, आणि तरी हसत होते.

"तुझीही गाडी गळते का रे?" त्यांनी बेकरीवाल्याला विचारलं.

"फार नाही, उस्ताद."

"केव्हापासून?"

"फार दिवस नाही झाले."

"खरं बोल."

"पोरगी रांगत होती तेव्हापासून," बेकरीवाला म्हणाला. समोर काउंटरवर त्याची पोरगी गिऱ्हाइकाला पाव बांधून देत होती, आणि तिची वेणी कमरेपर्यंत आली होती.

बाबा उठले. खिळ्यावरची हातोडी काढून त्यांनी खालच्या खणात ठेवली. "जा, गाडी आण इकडे. ट्रेसकट आण. बाकीच्यांनाही निरोप दे, रांगेत या म्हणावं." मग माझ्याकडे वळले.

"बघत काय उभी राहिलीस? वर जा आणि आईची कात्री आण. कागद तू काप, बोल्ट मी आवळतो."